सोसायटीचा कार्बन ताळेबंद: वर्षाचा हिशेब घराघरांतून कसा गोळा करायचा

६० फ्लॅट आणि २०० माणसे असलेल्या एखाद्या सोसायटीने जिना, लिफ्ट आणि पंपाची सगळी वीज सोलरवर नेली, तरी तिथल्या रहिवाशांच्या कार्बन हिशेबातून, म्हणजे वर्षभरात त्यांच्यामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या बेरजेतून, जेमतेम ९ टक्के कमी होतात. हा आकडा कसा निघतो ते पुढे मांडले आहे. उरलेला बहुतेक कार्बन फ्लॅटच्या दाराआड असतो: घरचा मीटर, गॅस, पेट्रोल, विमानाची तिकिटे. त्यामुळे हा हिशेब सोसायटीच्या ऑफिसात बसून पुरा होत नाही. घरोघरी जावेच लागते.

याचे परदेशातले दोन दाखले डोळ्यांसमोर ठेवावेत. लंडनच्या दक्षिणेला २००२ साली ‘बेडझेड’ ही सुमारे १०० घरांची वसाहत उभी राहिली. ऊब धरून ठेवणाऱ्या जाड भिंती, सोलर, पावसाच्या पाण्याचा वापर, सगळे मुळातूनच योजलेले होते. वीज आणि पाणी खरोखर वाचले. पण लाकडाच्या तुकड्यांवर चालणारे वीजकेंद्र काही वर्षांतच बंद पडले. रहिवाशांच्या सगळ्या जगण्याचे माप घेतले तेव्हा तर असे निघाले, की साऱ्या जगाने तसे राहायचे म्हटले तर अडीच पृथ्वी लागतील. अन्न, खरेदी आणि विमानप्रवास भिंती बदलल्याने बदलत नाहीत. स्कॉटलंडमधल्या फिंडहॉर्न वस्तीचे २००६ मधले माप मात्र ब्रिटनच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास आले. तिथे जेवण बरेचदा एकत्र आणि मुख्यतः शाकाहारी, भाजी जवळची, मोटारीचा वापर थोडा. वाटून घेण्याची सवय तिथे कामी आली.

सुरुवात: वर्ष, माणसे आणि कोण मोजणार

हिशेबाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च धरा. सोसायटीची वीजबिले, टँकरची बिले, जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या याच वर्षाप्रमाणे फाइलला लागलेल्या असतात आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. म्हणजे एप्रिल ते जुलै असे चार महिने आकडे गोळा करायला मिळतात, आणि सभेत आर्थिक ताळेबंदाबरोबर कार्बनचाही एक कागद ठेवता येतो.

कामाला तीन माणसे पुरतात. एकजण बिले बघणारा, एकजण घरोघरी फिरणारा, एकजण कोष्टक सांभाळणारा. घरोघरी फिरणारी व्यक्ती कमिटीतली नसलेली बरी. कमिटीच्या माणसाला लोक आधी गळतीची तक्रार सांगतात आणि पेट्रोलचा आकडा राहून जातो.

माणसे मोजताना महिने मोजा. सहा महिने मुलाकडे अमेरिकेत राहिलेले आजी-आजोबा म्हणजे दोघांचे मिळून १२ माणूस-महिने. बंद फ्लॅट शून्य. भाडेकरूंना वगळू नका. बऱ्याच सोसायट्यांत नकळत फक्त सभासदांची यादी घेतली जाते, आणि मग वीज सगळ्यांची पण भागिले फक्त मालकांनी, असा चुकीचा माणशी आकडा येतो.

काय विचारायचे, आणि कसे

घरोघरी एकच पानाचा कागद द्या. त्यावर सात गोष्टी पुरेत: घरात किती माणसे किती महिने होती, १२ महिन्यांचे वीज युनिट, वर्षभरात घेतलेले सिलिंडर किंवा पाइप गॅसची बिले, प्रत्येक गाडीचे किलोमीटर आणि सरासरी मायलेज, विमानाच्या फेऱ्या, एसीमध्ये गॅस भरला असल्यास कोणता आणि किती, आणि कोणते पंखे दिवसाला १२ तास किंवा जास्त चालतात.

वीज युनिट पाठ नसतात. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा आलेख असतो, त्यावरून आकडे उतरवता येतात. सिलिंडरची संख्या बुकिंगच्या मेसेजवरून मोजता येते. किलोमीटरला मात्र लोक हमखास चुकतात. ‘महिन्याला पाचशे होत असतील’ हा अंदाज कितीतरी खाली असतो. दोन सर्व्हिसिंगच्या बिलांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही छापलेले असतात. त्यांच्यातला फरक घ्या आणि वर्षावर आणा.

ही माहिती सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागू नका. कोण किती वेळा विमानाने गेले आणि कोणाच्या घरी किती एसी आहेत, यावर चर्चा सुरू झाली की पुढच्या वर्षी कोणी कागद भरत नाही. कागदावर फ्लॅट नंबर नको, फक्त विंग, फ्लॅटचा प्रकार आणि घराने स्वतः निवडलेली एक खूण लिहा. ऑफिसात एक बंद पेटी ठेवा.

किलोत रूपांतर

सगळे आकडे कार्बन डायऑक्साइडच्या किलोत आणायचे. मिथेनसारखे वायू त्याच मापात बदलून घ्यायचे. भारतासाठी हे गुणक धरा:

- ग्रिडची वीज: १ युनिटला ०.७२ किलो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या वर्षांच्या आकड्यांच्या हा जवळ आहे.
- घरगुती सिलिंडर, १४.२ किलो: ४२ किलो.
- पाइप गॅस: १ घनमीटरला सुमारे २ किलो.
- पेट्रोल: लिटरला २.३ किलो. डिझेल: लिटरला २.७ किलो. सीएनजी: किलोला २.७ किलो.
- विमान, साध्या वर्गात: पुणे–दिल्ली जाऊन-येऊन सुमारे २५० किलो, मुंबई–न्यूयॉर्क जाऊन-येऊन सुमारे २,००० किलो.
- महापालिकेच्या डेपोवर जाणारा ओला कचरा: किलोला अर्धा किलो. कचऱ्याचा ढीग किती खोल, किती ओला यावर हे खूप हलते, म्हणून हा सावध अंदाज.
- एसीचा गॅस: आर-४१०ए असेल तर भरलेल्या प्रत्येक किलोमागे सुमारे २,००० किलो, आर-३२ असेल तर सुमारे ६७५.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. एसीत नव्याने गॅस भरावा लागला याचा अर्थ आधीचा हवेत गेला. एक किलो आर-४१०ए गळणे म्हणजे २,७०० हून जास्त युनिट वीज जाळण्याइतके. दर उन्हाळ्यात ‘गॅस मारून द्या’ म्हणण्याऐवजी मेकॅनिकला आधी गळती शोधायला लावणे, हा या सगळ्या यादीतला सर्वांत स्वस्त उपाय आहे. साबणाच्या पाण्याने जोड तपासायला दहा मिनिटे लागतात.

नमुन्याचा ताळेबंद

समजा पुण्यातली सात मजली, ६० फ्लॅट, २०० माणसांची सोसायटी आहे. आकडे नमुन्याचे, पण प्रमाण लक्षात यावे असे.

- फ्लॅटची वीज, महिन्याला सरासरी १५० युनिट: वर्षाला १,०८,००० युनिट, ७७.८ टन.
- कॉमन मीटर (जिना, लिफ्ट, पंप), महिन्याला २,५०० युनिट: २१.६ टन.
- सिलिंडर, घरटी वर्षाला ९: २२.७ टन.
- ९० दुचाकी, प्रत्येकी ६,००० किलोमीटर, मायलेज ४५; ४० मोटारी, प्रत्येकी ८,००० किलोमीटर, मायलेज १४; सगळे पेट्रोल: सुमारे ३४,८५० लिटर, ८०.२ टन.
- विमान, देशांतर्गत ३० फेऱ्या आणि अमेरिकेच्या ८: २३.५ टन.
- ओला कचरा, माणशी रोज पाव किलो: ९.१ टन.
- उन्हाळ्यातले २०० टँकर, फेरीला सुमारे ६ लिटर डिझेल: ३.२ टन.
- जनरेटर, ३०० लिटर डिझेल: ०.८ टन.

बेरीज २३९ टन, माणशी सुमारे १.२ टन. भारताची माणशी सरासरी २ टनांच्या आसपास आहे म्हणून लगेच पाठ थोपटू नका. देशाच्या सरासरीत सिमेंट, पोलाद, कारखाने, मालवाहतूक सगळे धरलेले असते. वरच्या यादीत अन्न, कपडे, फर्निचर, मोबाइल आणि खुद्द इमारत नाही. हा हिशेब फक्त स्वतःच्या मागच्या वर्षाशी ताडून पाहावा.

आता त्या ९ टक्क्यांकडे. कॉमन मीटर पूर्ण सोलरवर न्यायचा तर ३०,००० युनिट लागतात. महाराष्ट्रात १ किलोवॅट सोलर वर्षाला १,३०० ते १,४५० युनिट देते, म्हणजे २२ किलोवॅट, आणि सुमारे २,२०० चौरस फूट सावलीविना गच्ची. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, तरी खर्च लाखांत जातो. हे करू नये असे नाही, जरूर करा. पण त्याआधी पंखे मोजा.

जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) ३० वॅट. रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस चालणाऱ्या एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. घरटी असे दोन पंखे बदलले तर १२० पंख्यांचे मिळून १९,४०० युनिट, म्हणजे १४ टन. कॉमन मीटरचा दोन-तृतीयांश कार्बन फक्त पंख्यांतून गेला. घाऊक १२० पंखे एकदम मागवले तर दुकानदार भाव कमी करतोच. दिवसाला दोन तास चालणारा पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलायच्या भानगडीत पडू नका. म्हणूनच कागदावर १२ तासांचा प्रश्न आहे.

पेट्रोल हा सगळ्यांत मोठा आकडा आहे आणि सगळ्यांत नाजूक विषयही. ६,००० किलोमीटर चालणारी पेट्रोल स्कूटर वर्षाला ३०७ किलो सोडते; तेवढीच चालणारी इलेक्ट्रिक स्कूटर, चार्जिंगमधली गळती धरून, १६० किलोच्या आसपास. निम्मे झाले. मोटारीत मात्र फरक कमी पडतो: ८,००० किलोमीटरला पेट्रोलचे १,३१४ किलो, इलेक्ट्रिकचे सुमारे ९००. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची असल्याने असे होते, आणि बॅटरी बनवतानाचा कार्बन यात धरलेलाच नाही. म्हणून मोटार बदलण्यापेक्षा मोटारीचे किलोमीटर कमी करण्यावर जोर द्या. एकाच शाळेत जाणाऱ्या मुलांची यादी काढली, तर आठ मोटारींच्या फेऱ्या एका व्हॅनमध्ये मावतात असे बरेचदा दिसते.

पंपाची चाचणी

पंपाची बचत कार्बनमध्ये छोटी आहे, हे आधीच सांगितलेले बरे. तरी ही चाचणी कराच, कारण पाण्याचा खरा वापर तिच्यातून कळतो आणि टँकर किती लागणार ते त्यावर ठरते.

पहाटे किंवा दुपारी पाणी कमी वापरले जाते अशी वेळ निवडा आणि गच्चीवरच्या टाकीचा खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद करा. तसे केले नाही तर भरणारे पाणी एकीकडून वापरात जाते आणि माप खोटे येते. टाकीतली पाण्याची पातळी काठीने मोजा. कॉमन मीटरचे रीडिंग घ्या. मोठ्या मीटरवर रीडिंगला गुणावे लागते. बिलावर ‘गुणक अवयव’ म्हणून जो आकडा असतो तो वापरा. हा गुणक विसरला तर पंप दहापट कार्यक्षम दिसतो आणि सगळे खुश होतात. लिफ्ट आणि दिव्यांचा वापर वजा करायला पंप बंद असताना आधी तितक्याच वेळाचे रीडिंग घ्या.

टाकी ३ मीटर लांब, २.५ मीटर रुंद असेल आणि पाणी ८० सेंटिमीटर चढले तर ६,००० लिटर भरले. तेवढ्यात पंपाने १.९ युनिट खाल्ले असतील, तर हजार लिटरला ०.३२ युनिट झाले. खालच्या टाकीतल्या पाण्यापासून वर नळाच्या तोंडापर्यंतची उंची ३० मीटर असेल, तर हजार लिटर नुसते वर नेण्यासाठी ०.०८ युनिट पुरतात. म्हणजे पंप-मोटर-पाइप मिळून फक्त २५ टक्के काम करतात. ०.२ युनिटपर्यंत ठीक समजा, ०.३ च्या वर गेले की माणूस बोलवा.

दोष बहुधा यांपैकी एक असतो. इंपेलर (पंपातले पाणी ढकलणारे चाक) झिजलेला, बोअरच्या पाण्याने पाइपात क्षार साचलेले, कोणीतरी व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवलेला, किंवा गरजेपेक्षा मोठा पंप. शेवटचा दोष फार सापडतो, कारण पंप जळला की घाईत दुकानात जो मिळेल तो बसवला जातो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारा) गळत असेल तर पंप बंद झाल्यावर पाइपातून पाणी उलटे जाताना आवाज येतो. कान लावून ऐका.

महिनाभर रोज किती लिटर चढले ते लिहा आणि माणशी भागा. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण माणशी रोज १३५ लिटर आहे. २०० च्या वर आकडा गेला तर बहुधा फ्लश टँक गळत आहेत. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर वॉशर बदलायचा.

ओला कचरा: हौद कसा, किती

५० किलो ओला कचरा रोज. तीन हौद बांधा, प्रत्येकी १.८ मीटर लांब, १.२ मीटर रुंद, १ मीटर उंच. उंची याहून वाढवू नका, तळाशी हवा पोहोचत नाही. कचरा बसत जातो, त्यामुळे एक हौद भरायला साधारण २५ दिवस लागतात, आणि तिसरा भरेपर्यंत पहिल्याला ५० दिवस विसावा मिळतो. भिंतींना विटांच्या जाळ्या ठेवा, तळाला उतार आणि पाणी निघायला पाइप.

रोज ओल्या कचऱ्याच्या दोन-तीन बादल्यांमागे एक बादली कोरडा पाला किंवा लाकडाचा भुसा. पाला पानगळीच्या दिवसांत गोण्या भरून साठवा, कारण पावसाळ्यात तो मिळत नाही आणि नेमकी तेव्हाच वासाची तक्रार येते. आठवड्यातून दोनदा खालीवर करा. मूठभर घेऊन दाबा: बोटांतून पाणी टपकले तर पाला वाढवा, गोळाच धरला नाही तर पाणी शिंपडा. नारळाच्या करवंट्या आणि आंब्याच्या कोयी वेगळ्या ठेवा, त्या महिनोन्महिने तशाच राहतात. पांढरट-करड्या जाड आळ्या दिसल्या म्हणून औषध मारू नका, त्या कचरा झपाट्याने खातात आणि त्यांच्यापासून अपाय नाही. कुजका आंबूस वास म्हणजे हवा कमी, अमोनियासारखा झोंबणारा वास म्हणजे पाला कमी.

‘चोवीस तासांत खत’ देणारे विजेचे यंत्र घेण्याआधी त्याचा रोजचा वापर विचारा. ५० किलो कचरा डेपोवर न गेल्याने २५ किलो वाचतात. यंत्राने दिवसाला ३५ युनिट खाल्ले की ते सगळे फिटले. शिवाय बाहेर येतो तो बहुधा वाळवलेला कचरा असतो, ओला झाला की पुन्हा कुजायला लागतो.

बंद पडलेल्या हौदामागचे कारण बहुतेक वेळा सफाई कर्मचारी बदलणे हे असते. काम दोघांना शिकवा आणि त्यासाठी वेगळा मोबदला ठरवा. पगारात ‘तेही बघ’ म्हणून ढकललेले काम टिकत नाही. पुण्यात सोलर, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण असे प्रकल्प चालू ठेवणाऱ्यांना महापालिका मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. त्यातून हा मोबदला काढता येतो.

हिशेब कुठे बिघडतो

झाडे वजा करण्याचा मोह होतो. मोठे झाड वर्षाला २० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरते. आवारात ४० झाडे असली तरी ८०० किलो, म्हणजे २३९ टनांतले ०.३ टक्के. झाडे सावलीसाठी, पक्ष्यांसाठी, जमिनीत मुरणाऱ्या पाण्यासाठी लावा; ताळेबंदात धरू नका.

गाड्यांचे चार्जिंग कॉमन मीटरवर होत असेल तर ती वीज प्रवासाच्या ओळीत हलवा, नाहीतर सोसायटीचा वापर अचानक वाढल्यासारखा दिसतो. कागद न भरलेल्या घरांना भरलेल्यांची सरासरी लावू नका. उत्साहाने कागद भरणारे बहुधा कमी वापरणारेच असतात. ‘६० पैकी ४१ घरांचा हिशेब’ असे स्पष्ट लिहा.

सर्वांत मोठी चूक पुनर्विकासाच्या वेळी होते. जुनी इमारत पाडून ‘ग्रीन’ प्रमाणपत्राचा टॉवर उभा राहतो, आणि कमी वीज लागणार म्हणून सगळे निर्धास्त होतात. आरसीसी बांधकामात चौरस मीटरला ३०० ते ५०० किलो कार्बन आधीच खर्च होतो. १,००० चौरस फुटांच्या एका घरामागे हे ३० ते ४५ टन, आणि पार्किंगचे मजले वेगळे. वरच्या नमुन्यातले घरटी वर्षाचे सगळे चार टन धरले तर ही सात ते अकरा वर्षांची बेरीज एका झटक्यात झाली. इमारत धोकादायक असेल तर पर्याय नाही. पण स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये दुरुस्ती शक्य आहे असे आले असेल, तर तो अहवाल आणि हा आकडा सभेत एकत्र ठेवा.

दुसऱ्या वर्षी

गुणक तेच ठेवा, निदान तीन वर्षे. ग्रिडचा गुणक दर वर्षी बदलत गेलात तर कमी झालेला कार्बन रहिवाशांमुळे की वीजकेंद्रांमुळे हे कळत नाही. कोष्टकाच्या पहिल्या ओळीतच ‘वीज ०.७२, पेट्रोल २.३’ असे लिहून ठेवा, म्हणजे कमिटी बदलली तरी पुढच्याला कळेल. उन्हाळा जास्त कडक होता का, पाणीकपात किती दिवस होती, दोन ओळींत नोंदवा. आणि घरोघरचा कागद परत देताना त्या घराचा माणशी आकडा, विंगची सरासरी आणि पंख्यांचे किती युनिट वाचू शकतात हे तीन आकडे त्यावर लिहून द्या. फ्लॅट नंबर नसल्याने घरांनी निवडलेल्या खुणेवरूनच कागद ओळखले जातील, म्हणून ते नोटीस बोर्डाखालच्या ट्रेमध्ये ठेवा.